नल इंटरफेस : राऊटरमधील शून्यद्वाराचा इतिहास आणि जुलै २००६ चा धडा

सारांश

संगणक जाळ्यांतील राऊटरमध्ये 'नल इंटरफेस' नावाचे एक आभासी द्वार असते. या द्वाराकडे पाठविलेले पॅकेट कोठेही पोहोचत नाही; ते तेथेच नष्ट केले जाते. पत्त्यांच्या समूहीकरणातून उद्भवणारी चक्राकार भ्रमंती टाळण्यासाठी या द्वाराचा उपयोग रूढ झाला. पुढे ते हल्ल्यांपासून बचावाचे आणि त्यानंतर आशयबंदीचे साधन बनले. प्रस्तुत लेखात या स्थित्यंतराचा ऐतिहासिक आढावा घेतला आहे. पश्चिम रेल्वेच्या उपनगरी मार्गावर ११ जुलै २००६ रोजी झालेल्या बॉम्बस्फोटांनंतरच्या आठवड्यात भारतात अनुदिनींची संकेतस्थळे सरसकट बंद झाली होती. चर्चगेट-विरार मार्गावर जगणाऱ्या वसई-विरार परिसराच्या दृष्टीने या घटनेचा विशेष विचार येथे केला आहे.

बीजशब्द : राऊटर, नल इंटरफेस, मार्गसमूहीकरण, संकेतस्थळबंदी, माहिती तंत्रज्ञान कायदा, वसई-विरार.

१. प्रस्तावना

तंत्रज्ञानाचा इतिहास बहुधा 'काय पोहोचले' याचा इतिहास म्हणून लिहिला जातो. तार पोहोचली, दूरध्वनी आला, १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगम लिमिटेडने इंटरनेट सेवा सर्वसामान्यांसाठी खुली केली, नोव्हेंबर १९९८ मध्ये खाजगी सेवा पुरवठादारांना या क्षेत्राचे दार उघडले, अशा नोंदी आपण विद्यार्थ्यांपुढे ठेवतो. परंतु कोणत्याही दळणवळण व्यवस्थेला 'काय पोहोचवायचे नाही' याचीही व्यवस्था करावी लागते. टपाल खात्याने पूर्वीचे 'डेड लेटर ऑफिस' व पुढचे 'रिटर्न्ड लेटर ऑफिस' याच गरजेतून चालविले. ज्या पत्राचा धनी सापडत नाही, त्याचे काय करावयाचे, हा प्रश्न तेथे नियमाने सोडविला जात असे.

इंटरनेटच्या बाबतीत हेच काम राऊटरमधील नल इंटरफेस करतो. संगणकशास्त्राच्या अभ्यासक्रमात त्याचा उल्लेख एखाद्या आज्ञेपुरता येतो. तथापि हे छोटे साधन नागरिकांच्या माहितीच्या अधिकारापर्यंत कसे येऊन भिडले, हा विषय केवळ तंत्रज्ञांचा नसून इतिहास, कायदा व समाजशास्त्र या शाखांच्या अभ्यासकांचाही आहे, अशी या लेखाची भूमिका आहे.

२. उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :
(अ) नल इंटरफेसचे मूळ प्रयोजन स्पष्ट करणे.
(आ) त्याच्या उपयोगात झालेले बदल कालक्रमाने मांडणे.
(इ) जुलै २००६ मधील संकेतस्थळबंदीच्या संदर्भात या साधनाच्या मर्यादा तपासणे.

यासाठी इंटरनेटची प्रकाशित तांत्रिक मानके, भारतातील कायदे व नियम आणि सार्वजनिकरीत्या नोंदल्या गेलेल्या घटना यांचा आधार घेतला असून ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

३. नल इंटरफेस म्हणजे काय?

राऊटर हे जाळ्यांच्या नाक्यावर बसलेले यंत्र होय. त्याच्याकडे आलेल्या प्रत्येक पॅकेटवर गंतव्यस्थानाचा पत्ता असतो. राऊटर आपली मार्गतालिका पाहतो आणि ते पॅकेट कोणत्या द्वाराने पुढे धाडावे हे ठरवितो. ही द्वारे, म्हणजेच इंटरफेस, सामान्यतः प्रत्यक्ष असतात : त्यांना तार जोडलेली असते आणि तारेच्या दुसऱ्या टोकाला दुसरे यंत्र असते.

नल इंटरफेसला तार नसते. तो केवळ प्रणालीमध्ये अस्तित्वात असतो. सिस्को कंपनीच्या राऊटरमध्ये तो 'नल झिरो' या नावाने ओळखला जातो. तो नेहमी चालू स्थितीत असतो, परंतु त्यातून काहीही बाहेर जात नाही आणि काहीही आत येत नाही. १९७० च्या दशकात युनिक्स या संगणक प्रणालीत 'डेव्ह नल' ही अशीच एक नोंद होती. तिच्यात लिहिलेले सारे नाहीसे होत असे. कल्पना तीच, क्षेत्र निराळे.

येथे एक तपशील ध्यानात घेण्याजोगा आहे. पॅकेट नष्ट केल्यावर राऊटर ते पाठविणाऱ्या यंत्राला 'गंतव्यस्थान अप्राप्य' असा संदेश परत धाडू शकतो. सिस्कोच्या राऊटरमध्ये नल इंटरफेसला देता येणारी एकमेव आज्ञा याच संदेशाविषयी आहे : तो संदेश पाठवू नये, अशी ती आज्ञा. संदेश चालू असेल तर पाठविणाऱ्या यंत्राला नकार कळतो. संदेश बंद केला तर ते यंत्र उत्तराची वाट पाहत राहते आणि काही काळाने प्रयत्न सोडून देते. टपालाच्या भाषेत सांगावयाचे तर, पत्र परत पाठवावे की गुपचूप फाडून टाकावे, एवढाच निर्णय या द्वाराच्या बाबतीत शिल्लक उरतो. या निर्णयाचे महत्त्व पुढील विवेचनात स्पष्ट होईल.

४. पहिला टप्पा : मार्गांच्या समूहीकरणातील गरज

१९९० च्या दशकाच्या प्रारंभी इंटरनेटपुढे दोन संकटे उभी होती. पत्ते संपत चालले होते आणि राऊटरच्या मार्गतालिका वेगाने फुगत होत्या. सप्टेंबर १९९३ मध्ये व्हिन्स फुलर, टोनी ली, जेसिका यू आणि कन्नन वरदन यांनी लिहिलेले मानक (आरएफसी १५१९) प्रसिद्ध झाले. त्यात पत्त्यांच्या ठरीव वर्गांऐवजी लवचिक गट करण्याची आणि अनेक लहान मार्गांची मिळून एकच मोठी नोंद करण्याची पद्धत सांगितली होती. 'सीआयडीआर' या संक्षेपाने ती ओळखली जाते.

ही पद्धत पिन कोडच्या उदाहरणाने सहज समजते. १५ ऑगस्ट १९७२ पासून देशात पिन कोड सुरू झाला. वसई ४०१२०१, नालासोपारा पश्चिम ४०१२०३, विरार पश्चिम ४०१३०३, पालघर ४०१४०४ हे सारे '४०१' ने सुरू होतात. दूरच्या शहरातील टपाल वर्गीकरण करणाऱ्यास वसई आणि विरार यांतील भेद माहीत असण्याचे कारण नाही. '४०१' ची सर्व पत्रे एका थैलीत टाकली की त्याचे काम झाले. नेमका भेद जवळच्या कार्यालयात केला जातो.

आता अडचण अशी की '४०१' ने सुरू होणारा प्रत्येक आकडा वापरात असतोच असे नाही. समजा, एखाद्या पत्रावर '४०१' ने सुरू होणारा पण कोणत्याही कार्यालयास न दिलेला आकडा आहे. दूरच्या कार्यालयाने ते नियमानुसार आपल्याकडे पाठविले. आपल्याकडील यादीत तो आकडा नाही. 'जे यादीत नाही ते वरच्या कार्यालयाकडे पाठवा' एवढाच नियम आपल्याकडे असेल, तर ते पत्र परत वर जाईल. वरचे कार्यालय '४०१' पाहून ते पुन्हा खाली धाडील. डाकिया समजूतदार असतो, तो दुसऱ्या फेरीला पत्र बाजूला काढून ठेवील. राऊटरला मागील फेरीची आठवण नसते.

जाळ्यात ही भ्रमंती अनंत काळ चालत नाही, कारण प्रत्येक पॅकेटवर आयुर्मर्यादेचा एक आकडा असतो. सप्टेंबर १९८१ च्या इंटरनेट प्रोटोकॉल मानकानुसार (आरएफसी ७९१) तो जास्तीत जास्त २५५ असू शकतो. दर टप्प्यावर तो किमान एकने घटतो आणि शून्यावर आला की पॅकेट टाकून दिले जाते. परंतु ६४ ही आयुर्मर्यादा घेऊन निघालेले एक पॅकेटही तोवर त्याच तारेवरून डझनावारी फेऱ्या मारते. मोजक्याच चुकीच्या पॅकेटांनी संपूर्ण तार व्यापली जाण्याचा धोका त्यातून निर्माण होतो.

म्हणूनच १९९३ च्या मानकात एक स्पष्ट नियम घातला गेला : जो राऊटर अनेक मार्गांची एकत्र नोंद जगाला जाहीर करतो, त्याने त्या एकत्र नोंदीत बसणारी पण कोणत्याही विशिष्ट मार्गात न बसणारी पॅकेटे टाकून दिली पाहिजेत. हा नियम अंमलात आणण्याचा सोपा उपाय म्हणजे संपूर्ण समूहाचा मार्ग नल इंटरफेसकडे वळविणे. राऊटर नेहमी अधिक नेमका मार्ग निवडतो. त्यामुळे वसई, नालासोपारा, विरार यांचे प्रत्यक्ष मार्ग जोवर उपलब्ध आहेत, तोवर त्यांची पॅकेटे आपापल्या ठिकाणी जातात. उरलेली तेवढी शून्यद्वारात पडतात. शिवाय खालचा एखादा दुवा तुटला तरी एकत्र नोंद स्थिर राहते आणि त्या चढउताराचा उपद्रव साऱ्या जगाच्या राऊटरांना होत नाही.

या टप्प्यावर शून्यद्वार हे प्रामाणिकपणाचे साधन होते, असे म्हणता येते. 'हा सारा प्रदेश माझा' असे जगाला सांगणाऱ्या राऊटरने त्या प्रदेशातील ओसाड जागेची जबाबदारीही स्वतः घ्यावी, ती दुसऱ्यावर ढकलू नये, हा त्यामागील भाव होता.

५. दुसरा टप्पा : हल्ल्यापासून बचाव

याच साधनाचा आणखी एक गुण तंत्रज्ञांच्या ध्यानी आला होता. नको असलेले पॅकेट नियमांची लांबलचक यादी तपासून अडविण्यात राऊटरची शक्ती खर्च होते. तेच पॅकेट मार्गतालिकेच्या आधारे शून्यद्वाराकडे वळविले तर खर्च अत्यल्प होतो, कारण मार्ग शोधणे हे तर राऊटरचे नित्यकर्मच आहे.

फेब्रुवारी २००० मध्ये याहू, ईबे, ॲमेझॉन, सीएनएन यांसारख्या मोठ्या संकेतस्थळांवर एकाच वेळी असंख्य यंत्रांकडून निरर्थक मागण्यांचा भडिमार करण्यात आला. अशा हल्ल्यांना तोंड देण्यासाठी सेवा पुरवठादारांनी शून्यद्वाराचा वापर वाढविला. सप्टेंबर २००४ च्या एका मानकपत्रात (आरएफसी ३८८२) एका ठिकाणाहून दिलेल्या सूचनेने संपूर्ण जाळ्यातील राऊटरांना एखाद्या पत्त्याची पॅकेटे टाकून देण्यास कसे सांगावे, याची पद्धत नोंदविली गेली. ऑक्टोबर २०१६ मध्ये (आरएफसी ७९९९) या सूचनेसाठी सर्वमान्य खूणही ठरविण्यात आली. जुलै २०१६ मध्ये मुंबई परिसरातील सेवा पुरवठादारांवर मोठा हल्ला होऊन पोलिसांत गुन्हा नोंदविला गेला, तेव्हा हा विषय आपल्या दारापर्यंत आल्याचे स्पष्ट झाले.

मात्र या बचावाला किंमत आहे. ज्या पत्त्यावर हल्ला होतो, त्याच पत्त्याची सर्व पॅकेटे टाकली जातात. हल्लेखोराची पॅकेटे जातात, तशीच खऱ्या ग्राहकांचीही जातात. शेजारची जाळी वाचतात, परंतु हल्ल्याचे लक्ष्य झालेले संकेतस्थळ बंदच पडते. सर्वनाश टाळण्यासाठी अर्ध्याचा त्याग करावा, असा हा व्यवहार आहे. तो कधी कधी अपरिहार्य असतो. परंतु तो त्याग आहे हे विसरता कामा नये.

६. तिसरा टप्पा : बंदीचे हत्यार

साधन स्वस्त, तत्काळ आणि निःशब्द असल्यावर त्याचा उपयोग शासकीय आदेशांच्या पालनासाठी होणे क्रमप्राप्त होते. माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० पासून अंमलात आला आणि २००३ मध्ये संकेतस्थळबंदीची कार्यपद्धती अधिसूचनेद्वारे ठरविण्यात आली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मेघालयातील एका बंदी घातलेल्या संघटनेशी संबंधित 'क्यनहुन' हा याहूवरील एक चर्चागट बंद करण्याचा आदेश सेवा पुरवठादारांना मिळाला. एकच गट वेगळा काढून अडविणे त्यांना साधले नाही. परिणामी भारतातील वापरकर्त्यांसाठी याहूचे सर्वच चर्चागट काही काळ बंद झाले.

असे का घडते, याचे उत्तर राऊटरच्या स्वभावात आहे. राऊटर पाकिटावरील पत्ता वाचतो, आतील मजकूर वाचत नाही. १९९७ पासून प्रचारात आलेल्या एचटीटीपी १.१ या मानकामुळे एकाच पत्त्यावर असंख्य संकेतस्थळे नांदू शकतात. कोणते संकेतस्थळ हवे, हे पाकिटाच्या आतील चिठ्ठीवर लिहिलेले असते. म्हणजे पत्ता हा एका घराचा नसून संपूर्ण चाळीचा असतो. एका खोलीतील भाडेकरूचे टपाल अडवायचे म्हणून चाळीचा पत्ताच शून्यद्वाराकडे वळविला, तर सगळ्या बिऱ्हाडांचे टपाल नाहीसे होते. पत्त्याऐवजी संपूर्ण नावावर बंदी घातली तरी परिणाम याच जातीचा होतो.

११ जुलै २००६ रोजी सायंकाळी अवघ्या ११ मिनिटांत पश्चिम रेल्वेच्या उपनगरी गाड्यांत ७ बॉम्बस्फोट झाले. माटुंगा, माहीम, वांद्रे, खार, जोगेश्वरी, बोरिवली आणि मीरा रोड-भाईंदर या टापूंत, चर्चगेटहून उत्तरेकडे निघालेल्या गाड्यांच्या पहिल्या वर्गाच्या डब्यांत हे स्फोट झाले. १८० हून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले व शेकडो जखमी झाले. त्या वेळी वसई-विरार महानगरपालिका अस्तित्वात नव्हती. ती ३ जुलै २००९ रोजी स्थापन झाली. पालघर जिल्हाही १ ऑगस्ट २०१४ रोजी निर्माण झाला. तोवर हा प्रदेश ठाणे जिल्ह्यात होता. परंतु नोकरीसाठी रोज सकाळी मुंबईस जाणारा आणि सायंकाळच्या विरार गाडीने परतणारा मोठा वर्ग येथे तेव्हाही होता. गाड्या थांबल्या, भ्रमणध्वनीच्या जाळ्यांवर असह्य ताण आला आणि घरचा माणूस कोठे आहे, हे कळण्याचा मार्ग खुंटला.

अशा वेळी काही स्वयंसेवकांनी 'मुंबई हेल्प' या अनुदिनीवर, म्हणजेच ब्लॉगवर, जखमींची व रुग्णालयांची माहिती आणि नातेवाइकांच्या विचारणा एकत्र केल्या. ही अनुदिनी ब्लॉगस्पॉट या सेवेवर होती. १३ जुलै रोजी दूरसंचार विभागाने मोजकी संकेतस्थळे व पाने बंद करण्याचा आदेश काढला. त्यांतील काही पाने ब्लॉगस्पॉट, टाइपपॅड आणि जिओसिटीज या सेवांवर होती. अनेक सेवा पुरवठादारांनी नेमकी पाने न अडविता या सेवाच सरसकट बंद केल्या. आदेशात 'मुंबई हेल्प'चे नाव नव्हते. तरीही भारतातील अनेक वाचकांच्या दृष्टीने ती नाहीशी झाली.

स्फोट आणि बंदीचा आदेश यांचा कार्यकारणसंबंध येथे गृहीत धरलेला नाही. मुद्दा परिणामांचा आहे. बंदी भारतातील जाळ्यांत होती. परदेशी असलेला नातेवाईक त्या अनुदिनीवर लिहू शकत होता, वाचू शकत होता; ज्यांच्यासाठी ते लेखन होते त्या येथील कुटुंबांना मात्र ते दिसण्याची खात्री नव्हती. लोकांनी मध्यस्थ संकेतस्थळांमार्फत वळसा घालून त्या पानांपर्यंत पोहोचण्याचा मार्ग काढला. ज्या थोड्या पानांना अडवावयाचे होते, त्यांचे वाचकही याच वळशाने जाऊ शकत होते. आठवडाभरात दूरसंचार विभागाने केवळ आदेशातील पानेच बंद ठेवावीत असे सेवा पुरवठादारांना बजावले आणि पुढे या सेवा पूर्ववत झाल्या.

७. सीमा ओलांडलेले शून्य

नष्ट करण्याचा मार्ग हादेखील एक मार्गच असतो आणि तो इतर मार्गांप्रमाणे शेजाऱ्यांना कळविला जाऊ शकतो. २४ फेब्रुवारी २००८ रोजी याचा प्रत्यय साऱ्या जगाला आला. देशांतर्गत यूट्यूब बंद करण्यासाठी पाकिस्तान टेलिकॉमने २०८.६५.१५३.० या २५६ पत्त्यांच्या गटाचा मार्ग वळविला. हा मार्ग देशाबाहेर जाहीर झाला आणि हाँगकाँग येथील पीसीसीडब्ल्यू कंपनीने तो पुढे पसरविला. यूट्यूबची स्वतःची घोषणा १,०२४ पत्त्यांच्या मोठ्या गटाची होती. राऊटर अधिक नेमका मार्ग निवडतात, हे वर सांगितलेच आहे. परिणामी जगभरातील मागण्या पाकिस्तानच्या दिशेने जाऊन तेथे नाहीशा होऊ लागल्या. भारतीय वेळेनुसार मध्यरात्रीनंतर १७ मिनिटांनी सुरू झालेला हा प्रकार सुमारे सव्वादोन तासांनी आटोक्यात आला.

१९९३ मध्ये जो 'नेमक्या मार्गाचा' नियम शून्यद्वाराला निरुपद्रवी ठेवत होता, त्याच नियमाने २००८ मध्ये त्याला जगड्व्याळ केले. साधन तेच होते, नियम तोच होता. फरक होता तो कोणाचा पत्ता कोण नष्ट करीत होता, यात.

८. कायद्याची चौकट

२००८ च्या दुरुस्तीने माहिती तंत्रज्ञान कायद्यात कलम ६९-अ समाविष्ट झाले. ती दुरुस्ती व तिच्याखालील बंदीविषयक नियम २७ ऑक्टोबर २००९ पासून अंमलात आले. लेखी कारणे, समितीसमोर तपासणी, शक्य असेल तेथे संबंधितांना सूचना आणि पुनर्विलोकन अशा तरतुदी त्यांत आहेत. तातडीच्या प्रसंगी आधी बंदी व नंतर तपासणी, अशीही मुभा आहे.

या कायद्याच्या न्यायालयीन इतिहासात पालघरचे नाव कायमचे नोंदले गेले आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये फेसबुकवरील मजकुरावरून पालघर येथे दोन तरुणींना अटक झाली. त्या पार्श्वभूमीवर सर्वोच्च न्यायालयात दाखल झालेल्या श्रेया सिंघल खटल्यात २४ मार्च २०१५ रोजी कलम ६६-अ घटनाबाह्य ठरविण्यात आले. त्याच निकालात कलम ६९-अ मात्र वैध ठरले, आणि त्यामागील एक प्रमुख कारण म्हणजे त्यातील कार्यपद्धतीविषयक संरक्षणे. म्हणजेच बंदीची वैधता तिच्या प्रक्रियेवर अवलंबून आहे, हे न्यायालयानेच अधोरेखित केले.

तथापि २००९ च्या नियमांतील नियम १६ नुसार तक्रारी व कारवाई गोपनीय राहतात. वाचकाला कळते ते एवढेच की पान उघडत नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये (आरएफसी ७७२५) 'कायदेशीर कारणास्तव अनुपलब्ध' असे वाचकाला सांगण्यासाठी ४५१ हा संकेतांक मान्य झाला. परंतु तो दाखविण्यासाठी संपर्क प्रस्थापित व्हावा लागतो. शून्यद्वारात पॅकेट पडले की संपर्कच होत नाही. मग सूचना कोण देणार? पत्र गुपचूप फाडावे की परत पाठवावे, हा राऊटरमधील लहानसा प्रश्न येथे नागरी हक्काचा प्रश्न बनतो.

९. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात :

१) नल इंटरफेसच्या रूढ उपयोगामागील मूळ प्रयोजन जाळे सुस्थितीत ठेवण्याचे आहे. स्वतः जाहीर केलेल्या पत्त्यांतील रिकाम्या जागेची जबाबदारी घेणे, हा त्याचा योग्य व आजही आवश्यक असलेला उपयोग आहे.

२) हल्ल्यापासून बचावासाठी त्याचा उपयोग समर्थनीय असला तरी त्यात पीडिताचाच त्याग होतो. म्हणून तो अल्पकालीन असावा.

३) आशयबंदीसाठी हे साधन मूलतः अयोग्य आहे, कारण ते पत्ता ओळखते, आशय ओळखत नाही. एकाच पत्त्यावर असंख्य संकेतस्थळे सामावून घेणाऱ्या आजच्या सामायिक सेवांमुळे ही अयोग्यता २००६ च्या तुलनेत वाढलेलीच आहे.

४) नष्ट करणे हा निर्णय आहे. त्यामुळे कोणी, केव्हा, कोणत्या कारणाने आणि किती काळासाठी पत्ता शून्यद्वाराकडे वळविला, याची नोंद असणे अगत्याचे आहे. ही अपेक्षा जशी शासन व सेवा पुरवठादारांकडून, तशीच स्वतःची जाळी चालविणाऱ्या आपल्या महाविद्यालयांकडूनही करावी लागेल. प्रयोगशाळेत ही आज्ञा शिकविताना तिच्यासोबत जुलै २००६ ची घटनाही शिकविली जावी.

पॅकेट टाकून देणाऱ्या यंत्राला त्यात काय होते हे कधीच कळत नाही. २००६ च्या त्या आठवड्यात त्यांत कोणाच्या तरी घरच्या माणसाची चौकशी होती. यंत्राला जे कळत नाही, त्याची जाण ठेवण्याचे काम आज्ञा देणाऱ्या माणसाचे आहे.